पाचवा सामना

लोक विचारतात, बॉल घेऊन पळणाऱ्या पोरांना तुम्ही शिकवता तरी काय? पळायला तर कुत्र्यालाही येतं. खरंय. पळायला मी आजवर कुणालाच शिकवलं नाही. मी बॉल छातीशी धरायला शिकवतो, धडक अंगावर कशी घ्यायची ते शिकवतो, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ जातो पोरांना आवरण्यात. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल हातात असलेल्या माणसावर समोरचे अकराच्या अकरा तुटून पडतात. तो किती यार्ड पळाला हे सगळं स्टेडियम मोजतं. त्यानं किती धडका खाल्ल्या हे मी मोजतो. मिसिसिपीतल्या या छोट्या कॉलेजात चौदा वर्षं मला त्याचाच पगार मिळतोय, आणि परवापरवापर्यंत मला त्याचा माजही होता.

टव्हेरियस पिकेटला आमच्याकडे आणायला मी तीनदा त्याच्या घरी गेलो. त्याची आई, मिस अर्नेस्टीन, शाळेची बस चालवते. तिसऱ्या खेपेला तिनं मला मासे तळून वाढले आणि मी दुसरा तुकडा घेईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "कोच, याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झालेत. आणि याला शिकायचंय पूल बांधायचं. डोकं चांगलं आहे, पण सावकाश चालतं, माझ्या बससारखं. चार वर्षांत व्हायचं नाही त्याच्यानं."

"ममा, मी इथंच बसलोय," टव्हेरियस म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय."

तिला काय हवंय ते मला कळलं. आमच्याकडे पोराला चार हंगाम खेळता येतं आणि त्यासाठी पाच वर्षं मिळतात. पहिल्या वर्षी चार सामन्यांपर्यंत उतरवलं तर तो हंगाम धरत नाहीत, आणि कॉलेज पाचही वर्षं फी भरतं. पाचव्या सामन्यात नुसतं मैदानात पाऊल टाकलं की हंगाम खर्ची पडला, आणि पाचवं वर्षही गेलं. मी म्हणालो, "मिस अर्नेस्टीन, पहिल्या वर्षी हा पाचवा सामना खेळणार नाही. माझा शब्द." तिनं तिथंच माझा हात धरला, डोळे मिटले, आणि प्रार्थनेत देवाला माझं नाव सांगितलं. आडनावासकट.

पोर गुणी होतं. ऑगस्टमध्ये सरावात एकदा त्याच्या हातून बॉल सुटला. आमच्याकडे त्याची शिक्षा ठरलेली आहे: आठवडाभर बॉल काखेत घेऊन हिंडायचं, वर्गात, जेवायला, सगळीकडे, आणि वाटेत भेटेल त्याला तो पाडायची मुभा. पोरांनी जंग जंग पछाडलं. शेवटी कँटीनमधल्या बाईंनी वाढता वाढता पळीनं तो उडवला. टव्हेरियस इतका हसला की ताट सांडलं. दुसऱ्या दिवसापासून तो दोन्ही हातांनी बॉल धरून रांगेत उभा राहायचा आणि ताट मित्राला धरायला लावायचा.

ऑक्टोबर संपेपर्यंत मी त्याला चार सामन्यांत थोडा थोडा उतरवला. मग बसवला. तो कुरकुरला नाही.

नोव्हेंबरमधला घरचा शेवटचा सामना. शनिवार दुपार, लख्ख ऊन. आम्ही पंचेचाळीस-चौदानं पुढे होतो आणि सहा मिनिटं उरली होती. म्हणजे सामना संपलाच होता, फक्त घड्याळ संपायचं होतं. माझा पहिला गडी घोटा धरून बसला, दुसरा आजारी म्हणून आलाच नव्हता. तिसरा होता कोल्बी रेनफ्रो. स्वतःची फी भरून चार वर्षं सरावात मार खाणारा, सामन्यात एकदाही न उतरलेला. त्यानं हेल्मेट चढवलंसुद्धा होतं.

मुख्य कोच हॉलिस ग्रेडी माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पिकेटला सोड आत. वर बसलेल्या देणगीदार मंडळींना पुढच्या वर्षीचं घोडं बघू दे."

"हॉलिस, तो..."

"तो काय?"

डिसेंबरात माझा करार संपत होता. नवा करायचा की नाही, हे याच माणसाच्या हातात होतं. "त्याचे चार झालेत" एवढे तीन शब्द बोलायचे होते. हॉलिस विसरला होता, बाकी काही नाही. कदाचित खांद्यावर थाप मारून म्हणाला असता, बरं झालं सांगितलंस. मी म्हणालो, "काही नाही."

टव्हेरियस माझ्याजवळ आला. हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "कोच, हा पाचवा ना?"

मोजणारा मी. आणि त्यानं मला विचारावं! मी त्याच्या डोळ्यांकडे न बघता म्हटलं, "जा."

"बरं, कोच." आणि तो गेला. एकदाच बॉल मिळाला. दोन यार्ड. दोन्ही हातांनी बॉल पोटाशी धरून तो पडला, उठला, बॉल नीट पंचाच्या हातात दिला. वरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कोल्बीनं हेल्मेट काढून बाकावर ठेवलं. त्याच्याकडेही मला बघवलं नाही.

सामन्यानंतर फाटकापाशी मिस अर्नेस्टीन उभी होती. शनिवारची जादा फेरी संपवून बस चालवण्याच्या गणवेशातच आली होती. मला टाळून जाता आलं असतं, पण तिनं आधीच हात वर केला होता. टव्हेरियस तिच्याशेजारी, ओल्या केसांनी.

"कोच," ती म्हणाली, "मला या खेळातलं फार कळत नाही. पण मी बोटांवर मोजत होते. आजचा धरत नाहीत ना? तुम्ही म्हणाला होतात."

मी तोंड उघडलं. खरंच सांगणार होतो, असं मी स्वतःला अजून सांगतो. पण माझ्याआधी पोरगं बोललं.

"ममा, मीच मागे लागलो. कोच नको म्हणत होते. मी ऐकलंच नाही, पळत सुटलो."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या दंडावर एक चापट मारली, जोरात. "मूर्खा. एक वर्ष घालवलंस? कशासाठी? दोन यार्डांसाठी? या माणसानं माझ्या टेबलाशी बसून शब्द दिला होता मला, आणि तू त्याला खोटं पाडलंस?"

टव्हेरियसनं मान खाली घातली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला ओशाळं वाटू नये म्हणूनच, हे मला कळलं. अठरा वर्षांचं पोर मला पाठीशी घालत होतं आणि मी त्याला घालू देत होतो.

मग ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

"त्याच्या वतीनं मी माफी मागते, कोच. लहान आहे अजून. एवढ्या वेळी माफ करा त्याला."

मी म्हणालो, "असू द्या, मिस अर्नेस्टीन. होतं असं."