पंपाची उचकी

चादरीचा कोपरा पुन्हा निसटला, तेव्हा मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी कडेला खुर्चीवर चढून तो हातानेच धरून उभी राहिले. खिळा भिंतीत टिकत नव्हता आणि आता ठोकाठोकीची सोय नव्हती. मोबाइलवर कोर्टाची पाटी आली होती : ‘कृपया प्रतीक्षा करा. आपल्याला लवकरच आत घेतले जाईल.’ लवकरच म्हणे! सकाळपासून ती पाटी हेच सांगत होती.

चादरीपुढे माझी भाडेकरू बसली होती. शाळेचे गणवेश शिवते, म्हणून सगळी इमारत तिला शिलाईवालीच म्हणते. नवऱ्याने हात मोडल्यावर ती लेकीला घेऊन गाव सोडून माझ्याकडे राहायला आली. लेक कुणाकडे राहणार, हे आज ठरायचं होतं. आल्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली होती, “काकू, या खेपेला सापडले तर तो जिवंत सोडणार नाही.” तिचा वाकडा जुळलेला हात बघून मी पुढे काही विचारलं नाही. नवरा यंत्रं दुरुस्त करतो, इतकंच मला ठाऊक होतं.

वकीलबाईंनी अर्ज संगणकावरूनच दाखल केला होता. पत्ता एका वेगळ्या बंद पानावर, ते पान फक्त न्यायाधीशांना उघडता येणार. नवऱ्याकडे गेलेल्या प्रतीत पत्त्याच्या जागी काळी पट्टी. शिलाईवाली रोज उठल्याउठल्या मोबाइल उघडून पट्टी जागेवर आहे ना ते बघायची. मी थट्टा करायचे, “अगं, पट्टीला काय पाय फुटणार आहेत?” पण तिला कधी हसू आलं नाही. यंत्राचा काय भरवसा, असं तिचं म्हणणं होतं.

म्हणून आज आम्ही सगळं झाकलं होतं. समोरच्या दुकानाची पाटी दिसू नये म्हणून खिडकी बंद केली. कॅलेंडर उतरवलं. मागच्या भिंतीचा पोपडा गेलेला, तोही ओळखीला पुरेल म्हणून वर चादर. लेकीला शेजारणीकडे पाठवलं. डोळ्यांना दिसेल ते सगळं झाकलं. कानांचा विचार आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचला नाही.

दुपार कलली तेव्हा पडदा उघडला आणि चौकटींत माणसं दिसायला लागली. न्यायाधीश, दोन्हीकडचे वकील, आणि तो. मला वाटलं होतं, कुणी राक्षस दिसेल. पण नीट भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस होता, आणि त्याने हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. याला मी कुठेतरी पाहिलंय, असं मला वाटून गेलं. कुठे, ते काही आठवेना.

ती बोलायला लागली. आवाज इतका बारीक, की न्यायाधीशसाहेबांना दोनदा सांगावं लागलं, जरा मोठ्याने बोला, मोबाइल जवळ घ्या. तिने तो तोंडाशी धरला. मुलीची शाळा, मुलीचं आजारपण, रात्री झोपेत दचकून उठणं, सगळं तिने नीट सांगितलं. मला मनातून शाबासकी द्यावीशी वाटत होती.

तेवढ्यात खाली पंप सुरू झाला. एरवी आम्ही तो सकाळीच लावतो; पण आज कोर्टाच्या गडबडीत तो लावायचा राहिला, टाकी संपली, आणि वरच्या मजल्यावरचे मास्तर डोक्याला साबण लावून बसलेले. ते बिचारे किती थांबणार? आमच्या पंपाला सुरू होताना उचकी लागते. घर्र होतो, अडतो, परत घर्र होतो आणि मग कण्हत चालतो.

पडद्यावर त्याने मान एका बाजूला कलती केली. डोळे मिटले. दोन बोटं टेबलावर टेकवली.

आणि मला आठवलं. शिलाईवाली राहायला येण्याच्या कितीतरी आधी असाच तो आमच्या जिन्याखाली उकिडवा बसला होता, पंपावर बोटं टेकवून, डोळे मिटून. दुसऱ्या यंत्राचं बेअरिंग बसवून त्याने आमचा मेलेला पंप चालवला होता. चालेल काकू, पण उचकी देत राहील, असं सांगून गेला होता. मी त्याला चहा दिला होता, आणि किती गुणी मुलगा म्हणून सगळ्यांना सांगत सुटले होते.

साहेबांनी त्याला विचारलं, काही म्हणायचं आहे का. तो अगदी मऊ आवाजात बोलला.

“नाही साहेब, तुम्ही द्याल तो निकाल मला मान्य आहे. फक्त ती राहते तिथल्या पंपाचं बेअरिंग बदलून घ्या म्हणावं. पाण्याचे हाल होतील माझ्या लेकीचे.”

समजूतदारपणा दाखवलात, असं साहेब त्याला म्हणाले. ते बिचारे काय जाणणार! शिलाईवाली हलली नाही. फक्त मोबाइलच्या पडद्यावर तिचा चेहरा वरखाली होत होता.

निकाल आमच्या बाजूने लागला. लेक आईकडे, बापाने घराच्या आसपास फिरकायचं नाही, पत्ता गुप्तच राहणार. पडदा मिटला तशी मी खुर्चीवरून उतरले आणि त्याला ओळखल्याचं तिला सांगितलं. रडू आवरेना.

“त्याने मान वाकडी केली तेव्हाच कळलं, काकू,” ती म्हणाली. “लग्न झालं तेव्हा गंमत वाटायची मला. पंपाच्या आवाजावरून इमारत सांगायचा.”

वकीलबाईंचा फोन आला. त्यांनाही ते वाक्य खटकलं होतं. पोलिसांना कळवते, तातडीचा अर्ज आत्ताच टाकते, पण तू तिथे क्षणभरही थांबू नकोस, असं त्या म्हणाल्या. तिने एका पिशवीत लेकीचे कपडे भरले, दुसरीत कात्री आणि दोऱ्याची रिळं. मशिन कुठे नेणार? त्याच्यावरून तिने एकदा हात फिरवला.

तेवढ्यात निकालाची प्रत मोबाइलवर आली. मी वाचून दाखवली. शेवटी लिहिलं होतं, ‘प्रतिवादीने अर्जदाराच्या निवासस्थानातील सोयींबाबत काळजी व्यक्त केली, याची नोंद घेण्यात येत आहे.’ पत्त्यावर काळी पट्टी जशीच्या तशी होती.

शेजारणीकडून घेतलेल्या लेकीने जिन्यात विचारलं, आता जाणार तिथे पंप आहे का.

“नसेल तिथेच जाऊ,” ती म्हणाली. “बादलीने भरू आपण पाणी.”

दोघी मागच्या दाराने गेल्या. मी तिचं मशिन ओढत माझ्या खोलीत आणलं, भिंतीवरची चादर काढून त्यावर टाकली. मग जिन्याच्या तोंडाशी खुर्ची मांडून बसले. तो आला तर माझ्यावरून जाईल, एवढंच माझ्या हातात होतं, आणि खरं सांगते, भीतीने माझे दात वाजत होते. टाकी भरून पाणी गच्चीवरून खाली वाहायला लागलं. मास्तर वरून हाका मारत होते, पंप बंद करा म्हणून. पण मी जागची उठले नाही.