एक तरी प्रवासी

"लाल कंपनीच्या विमानानं येऊ नकोस, आई," लेक फोनवर म्हणाली. "सगळे निळीनंच येतात."

"सगळे येतात म्हणून मीही यायचं? मी काय मेंढरू आहे?"

नववा महिना लागला होता तिला, म्हणून वाद वाढवला नाही. पण तिकीट लालचंच काढलं. निम्म्याहून कमी भाव, वर खाणं फुकट. निळी आल्यापासून लालवाल्यांचं दिवाळं निघायची वेळ आलीय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हटलं, त्यांचं भांडण त्यांच्यापाशी. शिवणकामावर पोर वाढवलेली बाई मी, स्वस्तातलं सोडते होय! फक्त बाळंतपणाआधी पोचायचं होतं. जावई बोटीवर, आणि पोरगी पहिल्यापासून भित्री. माझ्याशिवाय तिच्याजवळ कोण होतं?

विमानतळावर निळीच्या काउंटरपुढे ही झुंबड. लालच्या काउंटरवरची मुलगी मला बघून उभीच राहिली. "आलात!" म्हणाली, आणि डोळे पुसले. मला चमत्कारिक वाटलं, पण एवढा मान कोण देतं हो आजकाल?

विमानात शेवटच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, बाकी शुकशुकाट. हवाई सुंदरीनं न विचारता बिनसाखरेचा चहा आणला.

"मला साखर चालत नाही, हे तुला कुणी सांगितलं गं?"

ती नुसती हसली. "मावशी, आम्ही तुम्हाला काही कमी पडू देणार नाही."

विमान उतरलं, दार उघडलं. म्हातारे माझ्याजवळ येऊन थांबले.

"ही कंपनी तुम्ही आपणहून निवडलीत ना?"

"मग काय, कुणी धरून आणलंय मला?"

"मग झालं. आपणहून आलेलंच चालतं त्यांना. मला माफ करा," ते म्हणाले, आणि मान खाली घालून जवळजवळ पळतच उतरले.

मी उठायला गेले, तर पट्टा सुटेना. हवाई सुंदरी माझ्या पायाशी येऊन बसली.

"मावशी, एक तरी प्रवासी बसलेला लागतो. विमान रिकामं झालं की आमची उडायची वेळ निळीला देतात. मग आम्ही संपलो."

"संपा की मग! माझी लेक बाळंत व्हायचीय तिकडे!"

तोंडात येतील त्या शिव्या घातल्या. पट्टा ओढून ओढून तळवे सोलले. तिनं त्यांवर फुंकर घातली, मलम लावलं, अगदी पोटच्या पोरीसारखं. मग दार लागलं आणि विमान पुन्हा उडालं.

उतरायचं, उडायचं, उतरायचं, उडायचं. दार उघडायचं, कुणी यायचं नाही. खिडकीतून निळी विमानं भरभरून जाताना दिसायची. फोन मुका झाला होता. पोरगी एकटीच कळा देत असेल, माझ्या नावानं हाका मारत असेल, या विचारानं जीव तीळतीळ तुटायचा. चहा मात्र वेळच्या वेळी यायचा.

मग एकदा दार उघडलं आणि माझी लेक आत आली. कडेवर बाळ. बाळाला खालचे दोन दात आलेले. दात! मला वाटत होतं, मी कालच निघालेय.

"आई! तू कुठे गेलीस ते कुणी सांगेना गं. म्हणून मुद्दाम हीच कंपनी निवडली."

माझा पट्टा खट्कन सुटला.

"या ताई," हवाई सुंदरी तिला म्हणत होती, "खिडकीजवळ बसा. बाळाचं दूध कोमट करून आणते."

मी पट्टा परत लावला. घट्ट ओढला. "मी बसलेय," मी हवाई सुंदरीला म्हटलं. "माझी मी बसलेय. हिला जाऊ दे."

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि बाजूला झाली.

"उतर!" मी लेकीवर ओरडले. "कुठे टेकू नकोस. निळीनं जा. तिकिटाचे पैसे गेले खड्ड्यात!"

"तू पण चल ना, आई." रडायलाच लागली वेडी.

"मला काय झालंय? आयता चहा मिळतोय. नीघ म्हणते ना!"

बाळानं माझ्याकडे झेप घेतली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. लेक त्याला सावरत, मागे वळून बघत पायऱ्या उतरली, आणि दार लागलं.

मुलगा की मुलगी, तेवढं विचारायचं राहूनच गेलं.