अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी

कार्तिकातले ऊन सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, उतरले होते. तांबूस कातळाच्या अंगाखांद्यावर निवांत लोळणारे, जून झालेले ऊन. पावसाळाभर हिरवे असलेले गवत पिकून केशरी झाले होते. आणि पश्चिमेला, जिथे सडा एकाएकी संपतो आणि कडा सरळ समुद्रात उतरतो, तिथले पाणी इतके निश्चल होते, की आकाशच वितळून खाली साचले आहे असे वाटावे.

वारा तेवढा जागा होता. दुपार कलली की समुद्रावरून निघणारा, कड्याला थडकणारा आणि पुढे वाट न सापडून सरळ वर चढणारा वारा. त्र्यंबकराव शेट्ये त्याला चालीवरून ओळखत. वेधशाळेच्या नोकरीत तीस वर्षे त्यांनी त्याच्या दिशा, त्याचे वेग, त्याचे रुसवे टिपून ठेवले. आणि निवृत्तीनंतर त्याच वाऱ्यावर ग्लायडर सोडायला ते शिकले. इंजिन नसलेले, वाऱ्याच्या जिवावर जगणारे, शुभ्र, लांबपंखी ग्लायडर. आपण जमिनीवर उभे राहायचे, गळ्यात ट्रान्समीटर अडकवायचा, आणि त्याच्या दोन दांड्यांनी दूरवरचे ते पाखरू वळवायचे.

उडवणारे ते, फेकणारी त्यांची पत्नी इंदुमती. पदर खोचून, ग्लायडर डोक्यावर तोलून ती कड्याशी उभी राही आणि त्यांच्या 'सोड'ची वाट पाही. पंखांवरचे तलम आवरण तिनेच इस्त्रीने ताणून बसवले होते. आणि ट्रान्समीटरचे सेल, ते तर सर्वस्वी तिचे राज्य.

चार सेल. पुन्हा पुन्हा चार्ज होणारे, बोटाएवढे, निळे. एकत्र आणले ते एकत्रच राहावेत, दुसऱ्यांत मिसळू नयेत, म्हणून तिने प्रत्येकाला पांढरी पट्टी चिकटवून आपल्या तिरप्या अक्षरात नाव घातले होते: अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी. शनिवारी संध्याकाळी चौघी चार्जरमध्ये निजत, रविवारी सड्यावर जात.

मागल्या भाद्रपदात इंदुमती गेली. त्यानंतर चौदा महिने ग्लायडर कपाटावर, ट्रान्समीटर कपाटात, आणि त्र्यंबकराव घरात. बोलायला कोणी नव्हते. दुपारच्या चहाला ते दोन कप विसळत, आणि एक तसाच पालथा घालत.

मग एका शनिवारी खिडकीतून तो ओळखीचा, खारट, चढता वारा आत आला आणि पडदा उगाच फुगवून गेला. त्र्यंबकराव उठले. कपाट उघडले. चारही नावे जागच्या जागी होती.

चार्जरवर चार लाल दिवे लागले. पण पाव तासातच रोहिणीचा दिवा हिरवा झाला. बाकीच्या तिघींना पाच तास लागले. ही आपली पहिल्याच घोटात तृप्त. त्यांना बरे वाटले. मग शंका आली. रविवारी सकाळीच ते चौघींना रुमालात बांधून बाजारात शौकतभाई मुकादमांच्या विजेच्या सामानाच्या दुकानी गेले.

शौकतभाईंनी प्रत्येक सेल मीटरवर लावला. रोहिणीपाशी काटा चढला, थरथरला आणि गळ्यातून दम जावा तसा खाली आला.

"शेट्येसाहेब, ही गेली."

"पण हिरवा दिवा लागला होता."

"लागणारच. जी पटकन भरते, ती पटकन रिती होते. आत जागाच उरलेली नाही."

"मग हिच्याऐवजी एकच नवा देता का? बाकीच्या तिघी चांगल्या आहेत."

शौकतभाईंनी मान हलवली. "जुन्यांत नवा टाकू नये. चारही एका वयाचे हवेत. साधे, वापरून टाकायचे सेलही मिळतील, पण तुमच्या यंत्राला रोजच्या वापरात चार्ज होणारेच बरे. नवे चार घ्या. हे जुने घड्याळाला लावा, रेडिओला लावा. घरातलं घड्याळ बंद पडलं तर काय बिघडतं? तुमचं विमान समुद्रावर असताना बंद पडलं तर?"

त्यांनी नवे चार घेतले. घरी आणून पोटभर चार्ज केले. कोरे, चकचकीत, बिननावाचे सेल. पण ट्रान्समीटरचे झाकण उघडून त्या रिकाम्या खाचांकडे पाहिले मात्र, आणि त्यांचा हात थांबला. परक्यांना तिथे कसे बसवायचे? एकदाच, ते स्वतःशी म्हणाले. एकदाच तिच्या हातच्या सेलवर. नवे सदऱ्याच्या खिशात गेले. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी आपल्या जागी बसल्या. ट्रान्समीटरचा छोटा पडदा उजळला. सेलच्या व्होल्टचा आकडा चांगला होता.

दुपार कलताना ते सड्यावर पोचले. थोड्या अंतरावर बायका गवत कापत होत्या. विळ्यांची लयबद्ध खसखस तेवढी येत होती. त्र्यंबकराव कड्याशी उभे राहिले, वारा गालावर घेतला आणि सवयीने म्हणाले, "सोड."

कोणीच काही सोडले नाही. ग्लायडर त्यांच्याच उजव्या हातात होते.

क्षणभर त्यांना काही दिसेना. मग त्यांनी ते स्वतःच फेकले.

आणि ते तरले! पोटाखाली वाऱ्याचा तळवा आला, पंख किंचित वर लवले, आणि शुभ्र पाखरू निःशब्द वर, आणखी वर गेले. त्र्यंबकरावांच्या छातीत चौदा महिने मिटलेले काहीतरी उलगडले. त्यांनी ते समुद्रावर नेले, दूर नेले. निळ्यावर पांढरे, पांढऱ्यावर ऊन. तिची इस्त्री, तिची बोटे, तिचा ताण, सारे त्या दोन पंखांवर झळाळत होते.

तेवढ्यात गळ्याशी धोक्याचा बीप वाजला. एक. मग दुसरा.

पडद्यावरचा आकडा घसरत होता, उताराला लागलेल्या दगडासारखा. रोहिणी रिती झाली होती, आणि आता ती उरलेल्या तिघींना ओढून नेत होती. ग्लायडर दूर पाण्यावर होते. इंदुमतीच्या हातचे शेवटचे जे काही या जगात होते, ते पाण्यावर होते.

त्यांनी दांडी वळवली. पाखरू सावकाश वळले, फार सावकाश. बीप घाईने येऊ लागले, एकमेकांच्या पाठीवर पडू लागले. "ये," ते म्हणाले. "ये ग. ये." नाक खाली, वेग वाढला, कडा जवळ आला, कड्याचा कातळ झर्रकन खालून गेला. ग्लायडर काठ ओलांडून उंच गवतात शिरले आणि खसकन थांबले. त्याच श्वासात पडदा काळा झाला.

त्र्यंबकराव गुडघ्यांवर बसले.

विळा कमरेला खोचून एक बाई गवतातून आली. चाळिशीची, उन्हाने रापलेली. तिच्या दोन्ही तळव्यांवर ग्लायडर होते, जसे कोणी तान्हे मूल आणावे.

"आजोबा, तुमचं हे काय? लागलं नाय त्येला कुठं."

त्यांनी नुसते हात पुढे केले. पंखांवर एक ओरखडासुद्धा नव्हता.

"येकटंच आलाव?"

"हो. आता एकटाच."

ती तिथेच थांबली. तिचे नाव सुगंधा. त्यांनी ट्रान्समीटरचे झाकण उघडले. चार नावे एकेक करून तळहातावर घेतली, क्षणभर मुठीत धरली आणि रुमालात गुंडाळली. मग खिशातले बिननावाचे चौघे बाहेर काढले. एक, दोन, तीन, चार. पडदा पुन्हा उजळला.

"पुन्हा उडवणार?" सुगंधाने विचारले.

"उडवीन. पण हात थरथरतोय, फेकायला जमणार नाही."

"मी हाय की."

त्यांनी तिला कुठे धरायचे ते दाखवले. ती कड्याशी गेली, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मान वळवून म्हणाली, "सोडू?"

त्यांनी दांड्यांवर बोटे ठेवली. "सोड."

या खेपेला आकडा हलला नाही, बीप वाजला नाही. ग्लायडर वाऱ्याच्या जिन्यावरून चढत गेले, घारीच्या उंचीला, घारीच्याही वर. खाली बायकांनी भारे बांधले, डोक्यावर घेतले, आणि गवताचे चालते ढीग एकामागून एक पायवाटेने उतरू लागले. सुगंधा मात्र मागे रेंगाळली. सूर्य पाण्याला टेकला. त्र्यंबकरावांनी घाईने दांडी खाली घेतली.

"का वो, उतरवताव?"

"उशीर झाला. घरी जायला हवं."

"घरी कोन वाट बघतंय काय?"

त्यांनी दांडी पुन्हा मधोमध आणली. हा प्रश्न चौदा महिन्यांत त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही नाही.

"नाही," ते म्हणाले. "कोणी नाही."

"मंग उडू द्या की अजून जरा," सुगंधा म्हणाली. आणि आपला भारा उचलून इतरांच्या मागे निघून गेली.

सड्यावर ते एकटे उरले. सूर्य बुडाला. कातळ काळवंडला, समुद्र काळवंडला, त्यांचे हातही सावलीत गेले. पण फार उंचावर, जिथे दिवस अजून संपला नव्हता, तिथे दोन पंख सोन्याचे होऊन फिरत होते. हळूहळू, हळूहळू, आणि खाली कोणालाच कसली घाई नव्हती.