एकवीसपैकी शून्य

अकोल्याच्या फायनलच्या तीन दिवस आधी अमरावतीच्या मैदानावर मला एकवीसपैकी शून्य मिळालं. गणितातसुद्धा मी कधी इतकी खाली गेले नव्हते!

झालं असं, की आमच्या फुटबॉल टीमचे कोच वामनराव सर, त्यांनी प्रीतम सर नावाचे फिजिओ बोलावले. डोक्यावर काठी धरून उकिडवं बसा, दोरी ओलांडा, पाय वर करा, अशा सात हालचाली. प्रत्येकीला तीन गुण. कोणाला दुखापत होणार ते म्हणे यातून आधीच कळतं. चौदाच्या खाली गेलात तर बाकावर, हा नियम मात्र वामनराव सरांचा.

आता उकिडवं बसण्यात माझा हात कोण धरणार? तिवशाजवळ आमचा फुलांचा मळा आहे. पण दसरा नुकताच झालेला, दोन दिवस झेंडू तोडून मांड्यांपासून खांद्यांपर्यंत सगळं अंग भरून आलं होतं. प्रत्येक हालचालीला प्रीतम सर विचारायचे, "दुखतं का?" मी आपली खरं सांगत गेले, "दुखते ना." दुखलं की त्या हालचालीला शून्य, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्याच टीममधली गीतांजली घोटा चोळत "नाही" म्हणाली आणि सतरा गुण घेऊन आली.

घरी जाऊन मी ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी माझी आई, दुर्गाबाई, पदर खोचून मैदानात हजर.

"माह्या रागिणीले काहून बसवलं?"

वामनराव सरांनी गुणांचा कागद पुढे केला. आईनं काठी हिसकावली, डोक्यावर धरली आणि टाचा न उचलता झपकन खाली बसली. प्रीतम सर बघतच राहिले. "काकू, दुखतं का?"

"दुखते ना! न दुखता काम होते काय कोनाचं? तुमी बसा बरं."

प्रीतम सर बसले. गुडघे कडकड वाजले. "दुखतं," ते प्रामाणिकपणे म्हणाले. वामनराव सरही बसले, त्यांना तर आई, गीतांजली आणि मी, आम्ही तिघींनी मिळून उठवलं! हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली.

मग प्रीतम सरांनी माझे पाय नीट दाबून पाहिले. "शून्य म्हणजे आधी तपासा, लगेच बाहेर काढा असं नाही. ही कामामुळे झालेली अंगदुखी आहे. परवापर्यंत आराम करू द्या, मग खेळवा. इजा कोणाला होणार हे माझी काठी नक्की सांगत नाही."

वामनराव सरांनी माझं नाव पुन्हा लिहिलं तेव्हा मी त्यांनाच मिठी मारायला निघाले होते, आईनं मागे ओढलं.

अकोल्यात आम्ही दोन-एकनं हरलो. तो एक गोल माझा. आई तिवशाच्या बाजारात अजून सांगते, "माह्या पोरीनं सामना जिंकून आनला!" आणि मी तिला एकदाही दुरुस्त केलेलं नाही.