पुलावर फाटलेली बाही

माझी उजवी बाही रुंद आहे आणि डावी अरुंद. उजवी निळी, डावी राखाडी. मला पाहून मुलं हसतात. मी रागावत नाही, कारण असा विचित्र कोट मीसुद्धा दुसरा पाहिलेला नाही. मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे. माझ्या बाह्यांची अशी दोन तोंडं दोन दिशांना का झाली, ते सांगतो. गोष्ट गोड नाही. तिच्यात रक्त आहे, आणि थोडं माझ्याही अंगावर आहे.

डोंगरातल्या एका गावी, एका दमेकरी शिंप्याने मला शिवलं. चार टाके घालायचा, थांबायचा, धाप ओसरली की पुन्हा सुई उचलायचा. त्याच्या मोठ्या मुलीला, जिला सगळे थोरली म्हणत, खालच्या शहरात हॉस्पिटलच्या लॉण्ड्रीत काम मिळालं होतं. तिच्यासाठी मी. डोंगरातल्या पद्धतीप्रमाणे बाह्या ऐसपैस, आणि काखेत पतंगाच्या आकाराचा तुकडा. त्याला चौबगला म्हणतात, आणि तो फक्त आमच्या डोंगरातल्या कपड्यांत असतो. तो असला की हात वर केला तरी कपडा ओढला जात नाही. हात उचलल्याशिवाय तो कुणाला दिसतही नाही.

"कुठेही फाटेल, पण काखेत फाटायचा नाही," शिंपी म्हणाला आणि तिथे दुहेरी टीप मारली.

शहरात पाऊल टाकलं आणि आम्ही दोघंही बावचळलो. तिथे बाह्या मनगटाला चिकटलेल्या, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि रंग म्हणाल तर राखेचे नाही तर कोळशाचे. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "बाई, तुमचा तंबू आवरा, लोकांना बसू द्या." सगळी बस हसली. थोरलीही हसली.

लॉण्ड्रीतल्या मुकादम बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिला चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रुळांपाशी नेलं आणि एका फाटक्या टॉवेलचं टोक आत सरकवलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत टॉवेल गडप झाला.

"बाही अशी गेली की मागोमाग हात जातो. माझ्या डोळ्यांदेखत एकीचा गेलाय. कोट खुंटीला लाव आणि मग कामाला ये."

त्यात राग यावा असं काही नव्हतं. थोरली मला रोज खुंटीला लावू लागली. पण एके दिवशी कुणीतरी माझ्या पाठीवर गरम इस्त्री टेकवून ठेवली. लोकर करपल्याचा वास सगळ्या खोलीभर पसरला. कुणी केलं ते थोरलीने शोधून काढलं, त्या बाईची मानगूट धरली आणि ती गुदमरेपर्यंत तिचं डोकं नळाखाली दाबून ठेवलं. मी खुंटीवरून पाहत होतो. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

मग शहरातल्या रंगाच्या कारखान्यात भांडण पेटलं. मालकाने जुन्या कामगारांना रातोरात बाहेर काढून त्यांच्या जागी डोंगरातली माणसं आणली. गेटवर डोकी फुटली. तिसऱ्या दिवशी शहरात कुणाला बोलायची सोयच राहिली नाही. मालक आपल्या बंगल्यात सुखरूप होता. रस्त्यावर सापडत होते ते आमच्यासारखे.

त्या दुपारी थोरली काम आटोपून नदीच्या पुलावर आली, तर तिथे दोरी बांधलेली. वीस-पंचवीस माणसं प्रत्येकाला थांबवत होती. त्यांच्यात एक रंगारी होता, कारखान्यातून काढलेला. नखं मुळापर्यंत निळी. सगळ्यांत मोठा आवाज त्याचा.

"बाहीत मूठ घाला! मूठ आत गेली की समजा डोंगरातला!"

आमच्या पुढे सुऱ्यांना धार लावणारा एक म्हातारा होता. मूठ सहज आत गेली. त्याला त्यांनी त्याच्याच सहाणेने मारलं. तो ओरडलाही नाही, नुसता खाली बसला आणि रस्त्यावर पडलेले आपले दात चाचपत राहिला.

थोरलीने मागे वळून पाहिलं. मागे गर्दी. रंगाऱ्याने माझी डावी बाही पकडली.

"मूठ कशाला? हिच्यात माझं डोकं जाईल!" असं म्हणून त्याने पातं काढलं आणि खांद्यापासून खाली ओढलं. मी टरकन फाटलो. पातं माझ्यातून पार होऊन तिच्या दंडात गेलं.

पुढचं सगळं फार झटकन झालं. थोरली माझ्यातून सापासारखी निसटली. तिने मला त्याच्या डोक्यावर टाकलं, उरलेल्या बाहीचा पीळ त्याच्या मानेभोवती आवळला आणि पिशवीतला स्टीलचा डबा पिशवीसकट गरगरा फिरवून हाणला. एकदा, दोनदा, मग मोजणं राहिलंच नाही. मित्रांनो, मी त्याच्या तोंडावर होतो. त्याचा जबडा मोडला तो आवाज मी सर्वांत जवळून ऐकला. श्वासासाठी त्याने मला चावलं. त्याच्या दातांची भोकं माझ्या पाठीत अजून आहेत.

धडपडीत त्याचा राखाडी शर्ट उसवला आणि जीव वाचवायला त्याने हात वर केला. थोरलीचा डबा हवेतच थांबला.

त्याच्या काखेत चौबगला होता. बाह्या कापून, दाबून शहरासारख्या केलेल्या, पण काखेतला तो तुकडा त्याला काढता आला नसावा. किंवा काढवला नसेल.

तिने पाहिलं, तसं इतरांनीही पाहिलं.

"अरे, हा पण त्यांच्यातलाच!" कुणीतरी ओरडलं. "इतके दिवस आपल्यात राहून फसवलं!"

आत्तापर्यंत ज्यांच्यासाठी तो घसा फोडत होता, ती माणसं दगड उचलून त्याच्याकडे निघाली. थोरलीला वाट मोकळी होती. दंडातून रक्त ठिबकत होतं. तिने एक पाऊल मागे टाकलंही. मग काय झालं कोण जाणे, ती परत फिरली आणि त्याच्या अंगावर आडवी पडली.

"हा माझा भाऊ आहे!" ती किंचाळली. "ह्याला मारायचं तर मी मारीन! तुम्ही कोण?"

तो तिचा कुणीही नव्हता. तिला त्याचं नावही माहीत नव्हतं. लाथा दोघांनाही बसल्या, तिची दोन बोटं चिरडली. मी मध्ये होतो. किती मार शोषला असेन, सांगता येत नाही. शेवटी पोलिसांच्या शिट्ट्या वाजल्या आणि पूल रिकामा झाला.

हॉस्पिटलात रंगाऱ्याचा जबडा तारांनी बांधला होता. त्याची बायको, शहरातलीच, खाटेपाशी ताठ बसली होती. थोरली दारात दिसताच ती म्हणाली, "सहा वर्षं संसार केला. हा मूळचा कुठला, ते मला पुलावरच्या लोकांकडून कळलं." तिने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. मग हळूच विचारलं, "हा झोपेत बाह्यांतून हात काढून पोटाशी धरतो. का गं?"

"आमच्याकडे थंडीत सगळे तसेच झोपतात," थोरली म्हणाली. "बाह्या त्यासाठीच रुंद असतात, वहिनी."

खाटेवरचा माणूस भिंतीकडे तोंड करून रडला. तारांमुळे त्याला नीट रडताही येईना.

थोरलीने मला धुतलं, शहरी कापडाची अरुंद, राखाडी डावी बाही जोडली आणि तो घरी जायच्या दिवशी मला त्याच्या खाटेवर ठेवलं. त्याने दोनदा खाली ढकललं. तिसऱ्यांदा बायकोने उचलून त्याच्या खांद्यावर टाकलं. भर दुपारी, सगळ्यांसमोर, तो मला घालून तो पूल चालून गेला. एकजण थुंकला. तो थांबला नाही.

त्याने थोरलीची माफी मागितली नाही. तिनेही त्याची नाही. ती अधूनमधून त्याच्या घरी येते, चहा पिते, त्या दोघांच्या बाळाला मांडीवर घेते, जाते. पाठीतली भोकं रफू करून देऊ का, असं तिने एकदा विचारलं. त्याने मान हलवून नको म्हटलं.

मित्रांनो, मला वर्षातून एकदा ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, एवढं मागून मी थांबलो असतो. पण अजून एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मला एका माणसाच्या तोंडावर आवळलं, तेव्हा मला नको म्हणता आलं नाही. मी कापड आहे. मला जिथे बांधतील तिथे मी बांधला जातो.

तुम्ही कापड नाही.