महास्फोटाच्या आधीचे सर

रिक्षा एस.टी. स्टँडपाशी अडकली आणि सुमतीबाईंनी चौथ्यांदा पर्समधल्या चिठ्ठ्या तपासल्या. एकीवर महास्फोट, दुसरीवर स्थिर विश्व, तिसरीवर फुगणारं-आकसणारं विश्व. आज पनवेलच्या ज्येष्ठ नागरिक संघात त्यांच्या नवऱ्याचं, कमलाकर सरांचं, विश्वाच्या उत्पत्तीवर व्याख्यान होतं. सर एक्क्याऐंशीचे. त्यांच्या विसरण्याला डॉक्टरांनी आता आजाराचं नाव दिलं होतं आणि सुमतीबाईंनी ते गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. संघाचे चिटणीस उदयसिंह आमंत्रण घेऊन आले तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण सरांचा चेहरा असा खुलला, की सुमतीबाईंची जीभ उचलली नाही. आता भोगा, असं त्या स्वतःलाच बजावत होत्या.

व्याख्यानाची सुरुवात झकास झाली. आवाज तोच, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. सरांनी महास्फोटाचं नाव घेतलं, आणि मधेच मान हलवली.

"हे मत आता मागे पडलंय," ते म्हणाले. "विश्वाला सुरुवातच नाही. ते पसरतं तसं नवं द्रव्य तयार होतं, बस."

सुमतीबाईंचा हात पर्सकडे गेला. हे सर कॉलेजात शिकत होते तेव्हाचं, साठ-पासष्ट सालचं. पुढे पुरावे आले आणि नोकरीभर त्यांनी महास्फोटच शिकवला. घरी पाठाची उजळणी मोठ्यानं करायची त्यांची सवय. पोळ्या लाटता लाटता सुमतीबाईंना तो धडा पाठ झाला होता. नवं आधी पुसलं जाईल, जुनं तग धरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. ते विश्वालाही लागू पडेल हे कुणाला ठाऊक!

मागे कुजबुज सुरू झाली. एकजण मोबाइलवर काहीतरी शोधून शेजाऱ्याला दाखवू लागला. चिठ्ठी नेऊन द्यावी, तर चारचौघांत शोभा. सुमतीबाई उठून उभ्या राहिल्या. पंचावन्न वर्षांत त्यांनी नवऱ्याला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती.

"सर, एक शंका आहे. विश्व कायम असंच असेल, तर आकाशात सगळीकडून सारखीच ऊब येते म्हणतात, ती कसली?"

सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग ते तोंडभर हसले.

"बरोबर पकडलंत. तिथेच तर घोडं अडलं."

आणि सर सुटले. चूल विझली तरी राख गरम लागते, तशी ती महास्फोटाची उरलेली धग. तिच्यामुळेच स्थिर विश्वाची कल्पना सोडावी लागली. स्फोटाआधी काय होतं ते मात्र अजून कुणालाच ठामपणे सांगता येत नाही, विश्व पुन्हापुन्हा फुगतं नि आकसतं असं मानणारेही आहेत. मोबाइलवाल्यानं फोन खिशात ठेवला. टाळ्या पडल्या तेव्हा सुमतीबाईंना अभिमानानं रडू फुटायचंच बाकी होतं.

आभार संपले. सर खाली उतरले ते थेट त्यांच्यापाशी आले.

"शंका फार चांगली होती," ते अदबीनं म्हणाले. "नाव काय आपलं?"

शाल घेऊन आलेले उदयसिंह जागीच थबकले. सुमतीबाईंनी पदर सारखा केला.

"सुमती," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडेच शिकले मी, सर."