सतरा आणि अठरा

दहावा थेंब तराजूवर पडला आणि ताईने पिपेट खाली ठेवली. काचेच्या पेटीतला आकडा दोनदा थरथरून स्थिर झाला. मॅडमनी तो वाचला, आधीच्या नऊ आकड्यांखाली लिहिला आणि कागद तिच्यासमोर धरला. दहाच्या दहा थेंब सारख्या वजनाचे होते.

"हात चांगला आहे तुझा. ते मला माहीतच होतं," मॅडम म्हणाल्या.

"मग परीक्षा कशाला घेतलीत?"

"सतरा आणि अठरासाठी."

ताईने पिपेटचं टोक काढून टाकलं. चाळिशी ओलांडलेल्या या तंत्रज्ञ बाईला प्रयोगशाळेत मॅडमपासून शिकाऊ मुलींपर्यंत सगळे ताईच म्हणत. रक्ताच्या नळ्या भरणं आणि मशीनवर चढवणं हे काम ती अकरा वर्षं करत होती आणि अकरा वर्षांत तिच्या नावापुढे एकही शेरा पडलेला नव्हता. या गोष्टीचा तिला गर्व होता आणि तो ती फारसा लपवतही नसे.

सध्याचं काम काळ्या द्राक्षांच्या सालीचं होतं. त्या सालीतला जांभळा रंग वेल स्वतःसाठी तयार करतो, फळाला उन्हाने इजा होऊ नये म्हणून. तोच रंग परीक्षानळीत घातला की पेशींना इजा करणारे कण बघता बघता नरम पडतात. एवढ्या भांडवलावर बाजारात अँटिऑक्सिडंटच्या बाटल्या, वड्या आणि सरबतं आली होती. त्यांच्या जाहिराती पाहून मॅडमचा तिळपापड होई.

"परीक्षानळीला ना पोट असतं ना आतडी," त्या म्हणत. "पेल्यात किती आहे ते सगळे सांगतात. रक्तात किती पोचतं ते कोण सांगणार?"

ते सांगण्यासाठी चाळीस माणसं गोळा केली होती. निम्म्यांच्या डब्यात सालीची खरी पूड होती. उरलेल्यांच्या डब्यात तशाच रंगाची, तशाच चवीची, पण नुसती पिठाची. कुणाला काय मिळालं हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि प्रयोगशाळेलाही. रोज सकाळी सातला तीन चमचे पूड पाण्यात ढवळून प्यायची आणि दर मंगळवारी नऊला केंद्रावर यायचं. तिथे सिस्टर रक्त काढत आणि ताई त्यात तो जांभळा रंग शोधत असे.

अडतीस जणांचं काम सरळ होतं. कुणाचा आकडा शंभराच्या आसपास, म्हणजे खरी पूड, आणि कुणाचा शून्याच्या जवळ, म्हणजे पीठ. मधल्या मध्ये लटकले होते ते दोघंच. सतरा नंबरचा चौतीस, अठरा नंबरचा अडुसष्ट.

"दोन्ही नळ्या स्टँडमध्ये शेजारी असतात," मॅडम म्हणाल्या. "पिपेटचं टोक बदलायचं राहिलं की एकीचं रक्त दुसरीत गेलंच."

"तीन मंगळवार झाले, मॅडम. तिन्ही वेळा मी तेच विसरीन?"

"चूक सवयीची झाली की दर मंगळवारी येते."

"राखीव नळ्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

"त्याही तूच भरल्या आहेस ना?"

मॅडम तशा वाईट नव्हत्या; त्यांना फक्त आकडा समजला नाही की झोप येत नसे.

"सोमवारपर्यंत कारण शोध," त्या म्हणाल्या. "नाही सापडलं तर मला तुझ्या नावापुढे शेरा लिहावा लागेल. माझा नाइलाज आहे."

दुपारी ताई डबा उघडून बसली. तिने एका पाठकोऱ्या कागदावर तिन्ही मंगळवारचे आकडे मांडले. चौतीस आणि अडुसष्ट. एकतीस आणि सत्तर. छत्तीस आणि पासष्ट. उगाच चाळा म्हणून तिने त्यांची बेरीज केली. एकशे दोन. एकशे एक. एकशे एक.

तिचा हात डब्यातच थांबला. पिपेटच्या चुकीत दर वेळी थोडं इकडे थोडं तिकडे झालं असतं. हे आकडे तर ठरवून आल्यासारखे येत होते. एका माणसाची अख्खी पूड दोघांत वाटल्यासारखे. तिने नोंदवही काढली. सतरा आणि अठरा या दोघी बायका होत्या, आडनाव एक, पत्ता एक.

"अगं, त्या शिवणवाल्या जावा!" सिस्टर म्हणाल्या. "एकत्र येतात, एकत्र जातात. एकीला सुई टोचली की दुसरीच हाय करते. शनिवारी त्यांच्याकडे जायचंच आहे मला, डब्यात पूड किती उरली ते बघायला. चल की तूही."

शनिवारी सकाळी पावणेसातला दोघी त्या घरी पोचल्या. पुढची खोली म्हणजेच दुकान. दोन शिलाई मशिनी समोरासमोर होत्या आणि मध्ये उसवलेल्या कोटांचा ढीग. थोरली जाऊ खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती, म्हणजे ओवायचा प्रयत्न करत होती; दोरा दर वेळी सुईच्या शेजारून जात होता. धाकटीने येऊन तिच्या हातातून सुई घेतली, एका फटक्यात ओवली आणि परत दिली.

प्रयोगशाळेचे दोन्ही डबे फळीवर होते. सिस्टरने एक उघडला. आत काळी बटणं होती. दुसऱ्यात पांढरी.

"पूड कुठाय, काकू?"

"ती काय," थोरलीने सुईनेच दाखवलं. स्वयंपाकघराच्या दारातून एक मोठी काचेची बरणी दिसत होती. "दोन्ही डब्यांचं एकत्र करून ठेवलंय. छान झाकणाची आहे, पूड सर्दत नाही."

सिस्टरने कपाळावर हात मारला. ताईचा मात्र जीव भांड्यात पडला. तिला मोठ्याने हसावंसं वाटत होतं.

"अहो काकू, एकीची पूड खरी आणि एकीची नुसतं पीठ असू शकतं, असं सांगितलं होतं ना?"

"सांगितलंत म्हणून तर एकत्र केलं," थोरली म्हणाली. "एकीने खरं प्यायचं आणि दुसरीने खोटं? या घरात असलं काही चालत नाही."

"आमच्या सासूबाईंचा नियम आहे," धाकटी म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. भाकरीच्या तुकड्यापासून कापडाच्या चिंध्यांपर्यंत भांडायचो. तेव्हा त्यांनी सांगितलं, एकीने वाटे करायचे आणि दुसरीने आधी उचलायचं. मग वाटणारी झक मारत सारखे वाटे करते! चाळीस वर्षं झाली, मी वाटते आणि या उचलतात."

सिस्टरने फॉर्म काढला. नियम मोडल्याचं कारण त्यात लिहायचं, लिहिलेलं सगळं दोघींना वाचून दाखवायचं आणि दोघींच्या सह्या घ्यायच्या. वाचून न दाखवता एक शब्दही त्या फॉर्मात जाऊ शकत नव्हता. 'दोन्ही डबे एकत्र करून पूड वाटून घेतली,' असं सिस्टरने खणखणीत आवाजात वाचलं. धाकटीने पटकन सही केली. थोरलीने कागद नाकाशी नेऊन केली.

"म्हणजे आता मंगळवारी यायचं नाही?" धाकटीने विचारलं.

"नाही, काकू. तुमचे आकडे आता धरता येणार नाहीत."

"अरेरे. बरं वाटायचं हो, जरा नीट कपडे करून बाहेर पडायला." तिने घड्याळाकडे पाहिलं. "सात वाजले. आजचं तरी घेतो. चला ताई, तुम्हाला दाखवते कसं करतो ते."

ताई तिच्यामागून स्वयंपाकघरात गेली. धाकटीने दोन पेल्यांत पाणी ओतलं, बरणी उघडली आणि चमच्याने पूड घालायला लागली. एका पेल्यात दोन चमचे घातले. दुसऱ्यात दोन, मग तीन, मग चार. तिने दाराकडे एकदा बघून घेतलं.

"जाऊबाईंना सांगू नका हं," ती हळूच म्हणाली. "त्यांची नजर गेली हो सगळी. द्राक्षांचं काहीतरी डोळ्यांना चांगलं असतं म्हणतात. सारखे वाटे केले तर त्यांना कितीसं मिळणार? म्हणून हा गडद पेला मी ताटलीत त्यांच्या हाताशी ठेवते. त्यांना रंग कुठे कळतोय! पहिल्या दिवसापासून चाललंय माझं हे."

ताईने मान डोलावली आणि तिथेच तिच्या डोक्यात काहीतरी अडकलं. सतरा नंबर थोरलीचा होता. चौतीस, एकतीस, छत्तीस. चार चमचे थोरलीच्या पोटात जात असतील तर मोठा आकडा तिचा हवा होता. तो अठराचा होता, धाकटीचा.

धाकटीने ताटली आणून थोरलीसमोरच्या स्टुलावर ठेवली. गडद पेला थोरलीच्या बाजूला होता. मग ती दुकानाची कडी काढायला दाराकडे वळली. सिस्टर फॉर्मात तारीख भरत होत्या. थोरलीने डाव्या हाताचं एक बोट ताटलीच्या काठावर ठेवलं आणि ताटली आवाज न करता अर्धी फिरवली. मग तिने आपल्या बाजूला आलेला फिकट पेला उचलला आणि एका दमात संपवला.

पेला खाली ठेवताना तिची नजर ताईकडे गेली. अंधूक दिसत असलं तरी कोणी आपल्याकडे बघतंय हे कळण्याइतकं तिला दिसत होतं.

धाकटी परत आली आणि उरलेला पेला न बघताच तोंडाला लावून तिने नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. "कडूच असतं मेलं," ती म्हणाली.

निघताना थोरली दोघींना पोचवायला पायरीपर्यंत आली. सिस्टर पुढे गेल्या. थोरलीने ताईचा हात धरला.

"आकडे तिला कळतील का?"

"आकडे कुणालाच सांगत नाही आम्ही. नियम आहे."

"ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे," थोरली म्हणाली. "मी काय, बटणं चाचपूनही लावते. तिला अजून पुष्कळ बघायचंय. आणि मला जास्त देतेय एवढ्यानेच ती खूश असते. ते कशाला काढून घ्यायचं तिच्याकडून?"

"पण काकू, त्या पुडीने डोळे सुधारतात की नाही, हे आम्हालाच माहीत नाही अजून."

"नसेना का," थोरली म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी सकाळी मॅडमनी फॉर्म वाचला आणि खुर्चीत मागे रेलून खो खो हसल्या. "बटणं! आपल्या डब्यात बटणं! चल, सुटलीस तू." मग त्यांनी आकड्यांचा कागद ओढला आणि हसू हळूहळू ओसरलं.

"पण ताई, सारखे वाटे केले तर दोघींचे पन्नास-पन्नास यायला हवेत. हे एकास दोन कसं?"

"प्रत्येकीच्या अंगी लागण्याचं प्रमाण वेगळं असतं, मॅडम. तुम्हीच सांगता. परीक्षानळीला पोट नसतं."

"इतकं वेगळं? आणि बेरीज दर वेळी शंभराच्या आसपास?" मॅडमनी पेन्सिलीने कागदावर टिचक्या मारल्या. "तू शनिवारी तिथे होतीस. वाटताना काय बघितलंस? असेल ते सांग, फॉर्मात एक ओळ वाढवू. सिस्टर जाऊन वाचून दाखवतील दोघींना, सही घेतील, झालं."

ताईने फॉर्मकडे पाहिलं. खाली दोन सह्या होत्या, एक झरझर केलेली आणि एक ओळीबाहेर गेलेली. सिस्टरचा तो खणखणीत आवाज आणि समोर शेजारी बसून ऐकणाऱ्या त्या दोघी तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

"वाढवण्यासारखं काही नाही," ती म्हणाली.

"मग मला लिहावं लागेल. हाताळणीतली चूक पूर्णपणे नाकारता येत नाही, असं. खाली तुझी सही. अकरा वर्षांत पहिला शेरा. विचार कर."

विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ताईने फॉर्म पुन्हा एकदा पाहिला. आठवडाभर ज्यासाठी तिने जिवाचं रान केलं होतं, ते एका वाक्यात परत मिळत होतं.

"लिहा," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला आणि तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. न कळलेला आकडा त्या अशाच बघत.

"तुला कारण माहीत आहे."

"आकडे खरे आहेत, मॅडम. एवढंच मला सांगता येईल."

मॅडमनी चष्मा परत लावला. मग त्यांनी ती ओळ लिहिली आणि कागद फिरवून तिच्यापुढे सरकवला. ताईने खिशातलं पेन काढलं, ओळ एकदा पूर्ण वाचली आणि तिच्याखाली सही केली. हात जराही हलला नाही.